छपराचा वास

निमोण्यात डोंगर नाही. गावाच्या कुठल्याही टोकाला उभं राहा, नजर सपाट जाते आणि उसात अडकते. तरी निवृत्तीनंतर मी लिहायला घेतलं ते डोंगराबद्दल, भीमाशंकराकडच्या रांगेबद्दल. आमच्या घोड नदीचं पाणी तिथून येतं, हे एक कारण. दुसरं असं की शाळेत जन्मभर भूगोल शिकवला आणि त्यातलं फारसं काही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पाहायला जाण्यापेक्षा वाचणं मला सोपं जातं.

जुने सरकारी अहवाल, प्रवाशांची टिपणं, झाडाझुडपांची माहिती, मिळेल तिथून आणून वाचलं. माथ्यावरची अंजन-जांभळाची दाट झाडी, हिरड्याची बनं, फांद्यांवरून उड्या मारत जाणारं शेकरू, सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारी आणि फुलून मरणारी कारवी. मग माणसं: घाटवाटांवर जकात घेणारे, हिरडा गोळा करणारे कोळी, रेल्वेच्या स्लिपरांसाठी झाडं पाडणारे ठेकेदार, कोळशाच्या भट्ट्या लावणारे. पट्टेरी वाघ त्या रांगेतून नेमका कधी संपला याबद्दल अहवालांचं आपसात जमत नाही. त्या एका वाक्यावर मी अख्खा उन्हाळा घालवला आणि शेवटी वाक्यच खोडलं.

लिहून झालेलं वाचलं तेव्हा लक्षात आलं की त्यात रांग ओलांडून चालत जाणारी माणसं नाहीत. म्हणून मी तात्याबांकडे जाऊ लागलो.

तात्याबा म्हणजे डोंगर ओलांडून कोकणात गेलेला आमच्या गावातला शेवटचा मेंढपाळ. दिवाळी झाली की त्यांचा वाडा निघायचा. हा वाडा म्हणजे घर नव्हे. मेंढरं, सामान लादलेली घोडी, कुत्री, बायका, काखेतली पोरं, असं चालतं बिऱ्हाड. पुढे कालव्याचं पाणी आलं. त्यांनी मेंढरं विकली, ऊस लावला, पत्र्याचं घर बांधलं. मी जाऊ लागलो तेव्हा दारात दोन-तीन मेंढ्या उरल्या होत्या, त्याही सवय मोडवेना म्हणून.

"लिवा, गुर्जी," त्यांच्या पत्नी गीताबाई चहा देताना म्हणायच्या. "पर मागनं मला वाचून दावा. म्हातारा माझ्यापाशी एक सांगतो आन् तुमच्यापाशी दुसरंच."

"तुला काय ठावं? तू घोडीवर झोपा काढीत यायची," तात्याबा म्हणायचे.

"व्हय तर. आन् भाकरी घोडी थापायची."

अशाच एका दुपारी त्यांनी वाटणीचं सांगितलं. घाटमाथ्यावर, जंगलातली वाट कोकणात उतरायला लागते तिथे एक दगड आहे. खाली उतरण्याआधी प्रत्येक वाड्याने दर वर्षी तिथे एक कोकरू सोडायचं. कापायचं नाही, बांधायचं नाही. नुसतं जमिनीवर ठेवायचं, 'तुझं तू घे' म्हणायचं आणि चालू लागायचं. मग वाघ कळपाला हात लावत नसे. वाघ आणि बिबट्या असा भेद त्यांच्या बोलण्यात नव्हता.

"कुठलंबी कोकरू चालायचं न्हाई," तात्याबा म्हणाले. "उघड्यावर जन्मलेलं पायजे. छपराखाली एक रातसुदिक काढलेली नसावी. छपराचा वास लागला की ते त्येला घेता येत न्हाई."

"आणि तुमचं जाणं बंद झाल्यावर?" मी विचारलं.

त्यांनी पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "आमी थांबलो ते कुणाला सांगितलंच न्हाई," ते म्हणाले.

मी ते टिपून घेतलं. चांगली लोककथा मिळाली असं वाटलं, आणि तसं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

त्याच सुमारास आमच्या भागात बिबटे दिसू लागले होते. मांडवगण फराट्याला एकाच्या दारातून कुत्रं गेलं. तोडणीच्या वेळी उसाच्या फडांत पिल्लं सापडू लागली. यात काही गूढ नव्हतं. बिबट्याला लपायला उंच गवत लागतं आणि जवळ पाणी लागतं; कालव्याने आणि उसाने आम्ही दोन्ही करून ठेवलं होतं. हे मी तात्याबांना समजावून सांगितलं.

"म्हंजी आमी त्येच्याकडं जायचं बंद केलं," ते म्हणाले, "आन् त्येला हिकडं यायला रान करून दिलं."

"तसं म्हणता येईल."

"मग तुमचं आन् माझं एकच हाय की, गुर्जी."

मला तसं म्हणायचं नव्हतं, पण चूक कुठे आहे ते सापडेना.

तात्याबांची नात अंकिता बारावीला होती. सकाळचं कॉलेज, शिरूरला. एसटी धरायला ती उसामधल्या पायवाटेने फाट्यावर जायची. दुसरी वाट नव्हती, आणि तिचा बाप बिरदेव त्याआधीच टेम्पोत भाजी भरून दौंडच्या बाजाराला निघालेला असायचा. एक दिवस दुपारी तात्याबा माझ्या घरी आले. ते कधी कुणाच्या घरी जात नसत.

"चष्मा घ्या आन् चला," ते म्हणाले.

पायवाटेवर कालव्याचं पाणी पाझरून माती ओली झाली होती. त्यात अंकिताच्या चपलांचे ठसे होते, फाट्याकडे जाणारे. प्रत्येक ठशात, बरोबर मधोमध, एक पंजा उमटला होता. एकही ठसा मोकळा नव्हता, आणि एकही पंजा चपलेच्या बाहेर पडलेला नव्हता. मी वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चार पायांचं जनावर दोन पायांच्या मापाने चालत नाही, इतकं तर मला पुस्तकांतून कळतं.

"माप घेतोय तो," तात्याबा म्हणाले. "दिल्याबिगर घेत न्हाई. पर कुणी देतच न्हाई म्हणल्यावर किती दीस वाट बघंल? मला ही पोरगी वाचवायची हाय, गुर्जी. वाटणी न्यायला पायजे."

त्यांनी गाभण मेंढी घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून काढली आणि उसाकडेच्या मोकळ्या रानात नेऊन ठेवली. भोवती जुनी जाळी लावली. कोकरू तिथेच, आभाळाखाली जन्मलं. काळ्या तोंडाचं, पांढऱ्या अंगाचं. रोज सकाळी जाळीभोवती पंजांचं गोल रिंगण उमटलेलं असायचं. जाळीला तो शिवतही नसे.

"राखण करतोय आपल्या मालाची," गीताबाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

वनखात्याची माणसं येऊन शेजारच्या बांधावर पिंजरा लावून गेली, आत शेळी बांधून. शेळी खाऊनपिऊन जाड झाली. शेवटी त्यांनी पिंजरा दुसऱ्या गावाला नेला.

कोकरू चांगलं चालू लागल्यावर आम्ही निघालो. मला त्या रांगेत एकदा तरी जायचं होतं आणि एकटा मी कधीच गेलो नसतो. तात्याबांनी टेम्पोची ताडपत्री काढायला लावली आणि कोकरू मांडीवर घेऊन ते मागे उघड्यावर बसले. कवठे येमाईला आम्ही चहाला थांबलो तर ते हॉटेलच्या पत्र्याखाली येईनात. रस्त्यावर उभं राहून, एका हाताने कोकरू छातीशी धरून त्यांनी चहा प्यायला.

"कोबी न्हेतो तवा म्हातारा एकदा तरी संगं आलाय का बघा, सर," बिरदेव मला म्हणाला. "आन् कोकराचा कसा मामा झालाय!"

"मामा तर मामा," तात्याबा रस्त्यावरून म्हणाले. "तू चहा पी आन् गाडी काढ, भाच्या."

डांबरी संपली तिथे बिरदेव टेम्पोपाशी थांबला. आम्ही दोघं आत शिरलो. ऊन चांगलं वर होतं, पण झाडांखाली ते पोचत नव्हतं. मी ज्या झाडांची नावं इतकी वर्षं कागदावर लिहिली होती ती आता माझ्या दोन्ही अंगांना उभी होती, आणि मला त्यातलं एकही धड ओळखता येत नव्हतं. आवाज नव्हता. पक्षी नाही, किडा नाही, आमच्या पायांखालचा पाचोळा तेवढा वाजत होता.

मग तोही वाजेना. मी खाली पाहिलं. एका बसक्या काळ्या दगडाभोवती, खळ्याएवढ्या जागेत, एक पान नव्हतं. वर झाडं तशीच दाट होती आणि पानं गळत होती. मी उभा होतो तेवढ्यात कितीतरी गळाली. त्या जागेत एकही पडलं नाही.

"कोण झाडतं हे?" मी कुजबुजलो.

तात्याबांनी कोकरू दगडापाशी ठेवलं, "तुझं तू घे" म्हणाले आणि मागे न रेंगाळता चालू लागले. थोड्या अंतरावर एका खोडाआड आम्ही बसलो. खरं तर निघून जायचं असतं. पण इतक्या वर्षांनी आल्यामुळे असेल, त्यांचा पाय निघेना.

पुढचं मी ऐकलं असं म्हणतो. मला त्याची खात्री नाही.

खालच्या अंगाने, कोकणाच्या बाजूने, खुरांचा आवाज येऊ लागला. आधी पाऊस येतोय असं वाटलं. मग स्पष्ट झालं: पुष्कळ बारीक खुरं, दगडावर, पाचोळ्यावर. आवाज चढून वर आला. कारवीची झुडपं एका ओळीत हलू लागली, जशी कळप घासून जाताना हलावीत. ओल्या लोकरीचा वास आला, इतका दाट की घशात बसला. दिसत काहीच नव्हतं.

"तुमचा वाडा?" मी विचारलं.

तात्याबा कान देऊन ऐकत होते. "न्हाई," ते म्हणाले. "घोडी न्हाई, कुत्रं न्हाई, हाळी देणारं माणूस न्हाई. ही नुसती कोकरं हायेत. दिलेली. माझ्या बापानं दिलेली, आज्यानं दिलेली, समद्या वाड्यांची." आणि मग, आवाज पार बदलून, "ह्यांला राखाय कुणीच न्हाई की."

आमचं कोकरू ओरडत त्या आवाजाकडे धावलं आणि झुडपांत शिरलं. खुरं थांबली. पुष्कळ नाकांनी एकदम हुंगावं तसा आवाज झाला. मग कळप निघाला. झुडपं हलत हलत दूर गेली आणि थांबली. थोड्या वेळाने कोकरू एकटंच बाहेर आलं आणि तात्याबांच्या पायाशी येऊन उभं राहिलं.

त्यांनी ते उचललं. मानेखालची लोकर नाकाशी धरली. मग जमिनीवर बसले.

"धूर," ते म्हणाले. "चुलीचा धूर. हे घरात निजलंय, गुर्जी."

घरी पोचलो तेव्हा अंकिता दारात उभी होती. कोकरू आजोबांच्या हातात पाहून तिला विचारावं लागलं नाही.

"काल लई गारठा हुता, आबा," ती म्हणाली. "कुडकुडत हुतं. मी रातीचं गोधडीत घेतलं आन् उजाडायच्या आत परत ठिवलं. एकच रात."

गीताबाईंनी कपाळाला हात लावला. तात्याबा मात्र रागावले नाहीत. "चांगलं केलंस," ते म्हणाले, आणि कोकरू तिच्या हातात दिलं. "थंडीत मरू द्यायचं व्हय त्येला?"

"मग दुसरं न्यायचं का?" बिरदेवने विचारलं.

"खोटी वाटणी देऊन आलो आपण. आता त्यो कोकरावर ऐकायचा न्हाई."

त्या दिवशी ते घरात गेले नाहीत. बाज उचलून त्यांनी पायवाटेच्या तोंडाशी नेली, जिथून अंकिता उसात शिरायची, आणि तिथेच राहू लागले. जेवण तिथे, झोप तिथे. गीताबाई आधी भांडल्या, मग रडल्या, मग दोन वेळची भाकरी तिथे नेऊन देऊ लागल्या. दुसऱ्या दिवसापासून रिंगण बाजेभोवती उमटू लागलं. अंकिताच्या चपलांचे ठसे मोकळे राहू लागले.

मी त्यांच्याकडे जायचो, पण लिहून घ्यायला आता काही नेत नसे.

"माझा जल्म त्या घाटातला," एकदा ते म्हणाले. "उघड्यावरचा. पर मधी इतकी वर्सं पत्र्याखाली काढली. तुमच्या पुस्तकांत असं कुठं हाय का, गुर्जी, की माणसाच्या अंगातनं छपराचा वास जायाला किती दीस लागत्यात?"

"नाही," मी म्हणालो. "असं कुणी लिहिलेलं नाही."

"मग बघायचं. त्यो सांगंल."

"तात्याबा, तुम्हाला भीती वाटत नाही?"

"त्या कोकरांचा आवाज ऐकलात न्हवं तुम्ही? येकालाबी वळवाय माणूस न्हाई." आणि मग, मला समजावल्यासारखं, "पोरीची वाट मोकळी हाय. तेवढं झालं म्हंजी झालं."

जानेवारीत आजूबाजूचा ऊस तुटला. तात्याबांचा फड तेवढा उभा राहिला. एका दुपारी मी बाजेशेजारी जमिनीवर बसलो होतो. तात्याबा डोळ्यांवर फेटा ओढून पडले होते. होले घुमत होते ते एकाएकी थांबले. मी मान वळवली तर फडाच्या कडेला बिबट्या बसला होता, राखणीच्या कुत्र्यासारखा, पुढचे पाय जुळवून. तो उठला आणि सावकाश चालत आला. मला पळायचं सुचलं नाही. मला वेळेवर काही सुचत नाही. त्याने बाजेबाहेर आलेला तात्याबांचा पाय हुंगला. मग हात. मग नाक गळ्याशी नेऊन तो बराच वेळ थांबला. बाजारात खरबूज हुंगून पाहावं तसं. माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मग वळला आणि उसात गेला.

"अजून न्हाई," तात्याबा फेट्याखालून म्हणाले. तलाठ्याने उद्या या सांगितल्यावर माणूस जसा वैतागतो तसे. "पर आज लई वेळ थांबला. आलंय जवळ."

परत जाताना अंकिता मला ओट्यावर भेटली. मी तिला सगळं सांगितलं. सांगावं की नाही हे मला ठरवता आलं नव्हतं, पण तिने विचारलं आणि मी सांगून टाकलं. तिने कोकराच्या पाठीवरून हात फिरवत ऐकून घेतलं. कोकरू आता चांगलं मोठं झालं होतं आणि तिच्यामागे घरभर फिरायचं.

"आबाचा वास गेला तर आबा जाणार," ती म्हणाली. "आबाला उचलून घरात आणला तर बिबट्या परत माझ्या वाटंवर येणार. व्हय ना, सर?"

"मला माहीत नाही. पण त्यांच्या म्हणण्यानुसार, हो."

"मग त्येला आशेवरच ठेवायचं. जवळ आलंय असं वाटत ऱ्हायला पायजे, पर पुरं व्हायला नको."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर ती बाजेच्या उशाशी उभी होती. कॉलेजवरून आली होती, दप्तर तसंच खांद्याला. तात्याबा दुपारची झोप काढत होते. रात्री ते जागे असत, झोपत ते दुपारीच. तिने हातात काळी छत्री उघडून धरली होती, त्यांच्या तोंडापासून पोटापर्यंत सावली पडेल अशी.

"छत्री म्हणजे काही छप्पर नव्हे," मी हळूच म्हणालो.

"काड्यांवर ताणलेलं कापड. छप्पर न्हाई तर काय?" तीही हळूच म्हणाली. "आन् नसंल तर आपल्याला कळंलच."

त्या दिवशी संध्याकाळी बिबट्याने पाय हुंगला आणि लगेच मान झटकून परत गेला, असं तात्याबांनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते कोड्यात पडले होते. "मागं गेलं की हो, गुर्जी. कशानं ते कळंना."

असं ते चालू राहिलं. दोन-चार दिवस वास उतरायचा, मग अंकिता छत्री धरायची. रिंगण रोज बाजेभोवती उमटायचं. पायवाट मोकळी होती.

फेब्रुवारीच्या शेवटी तिची परीक्षा आली. पेपर दुपारचे. आदल्या दिवशी ती माझ्या घरी आली आणि दाराशी छत्री टेकवून ठेवली.

"सर, तेवढं पेपर होईस्तोवर," ती म्हणाली.

"मला जमणार नाही, अंकिता. मी घाबरट माणूस आहे."

"त्यो तुमच्याकडं बघत पण न्हाई म्हणालात की."

परीक्षा होऊन गेली. ती आता दिवसभराच्या कॉलेजला जाते, त्याच वाटेने, आणि छत्री माझ्याकडेच राहिली आहे. मी जेवण उरकून जातो आणि बाजेच्या उशाशी उभा राहतो. डोंगराचं लिखाण पडून आहे. त्यात हे कुठे घालावं, घालावं की नाही, मला ठरवता येत नाही.

आजही उभा होतो. होले थांबले. ऊस वाजला आणि वाजायचा थांबला. माझ्या पाठीमागे, फार लांब नाही, काहीतरी बसलं. त्याचा श्वास मला मानेवर लागल्यासारखा वाटत होता. छत्री हलू नये म्हणून मी दांडा घट्ट धरला, तर हातच थरथरायला लागला आणि सावली तात्याबांच्या तोंडावर नाचू लागली.

त्यांचे डोळे मिटलेले होते.

"गुर्जी," ते तसेच पडून म्हणाले, "हात भरला असंल तर दुसऱ्या हातात घ्या."

मी छत्री दुसऱ्या हातात घेतली.